झरे : निरंक

भाऊंच्या तोंडात आज सकाळी शेवटचं पाणी गेलं, ते बाटलीचं.

आमदारकीची सगळी वर्षं या माणसाने पाण्याशिवाय दुसरा विषय काढला नाही. आणि त्यालाच पाजायला गावात गावचं पाणी नव्हतं.

आत्ताच मातीहून आले. हातपाय धुतले, चहा केला, तो तसाच गार झालाय. लिहिल्याशिवाय काही जमणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फुलजीभाऊ म्हणजे आमचे माजी आमदार. मी तळोद्यात टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवते. सभागृहात विचारायचे त्यांचे प्रश्न माझ्याकडेच टाईप व्हायचे. मुंबईत पीए होता हो त्यांना. पण तो प्रत्येक वाक्याला "जी साहेब" म्हणायचा आणि मी भांडायचे, म्हणून भाऊ माझ्याकडे यायचे.

"शबानाबेन, काय करी ऱ्हायनी? हाई लिख ना."

"भाऊ, आधी वाक्य पुरं करा, मग लिखते."

एकदा म्हणाले, लिख, हवामान बदल. मी म्हटलं, हे शहरातलं खूळ आपल्याकडे कशाला?

"मन्ही मावशीले इचार. मोह कव्हय पडी, ते तिले आते सांगता येत नही."

मोहाची फुलं कधी गळणार हे तिलाच कळेनासं झालं, म्हणजे हवामान बदललंच. मी गुपचूप टाईप केलं.

ही मावशी मूळची मणिबेलीची. बहीण लवकर गेली, तेव्हा तिचं पोर सांभाळायला वर डोंगरात तिच्या गावाला आली. मागे मणिबेलीतलं घर नर्मदेच्या धरणात गेलं. भाऊंना मावशीनेच वाढवलं, त्याच गावच्या झऱ्याच्या पाण्यावर.

त्या झऱ्यापायी भाऊंनी स्वतःचं एक विधेयक मांडलं. किती वेळा टाईप केलं ते अल्ला जाने. मागणी एवढीशी. ज्या झऱ्याची सरकारदरबारी नोंद आहे, त्याच्या वरच्या डोंगराला खाणीचा सुरुंग लावायचा नाही. बस्स.

आमदारांची असली खाजगी विधेयकं शुक्रवारी दुपारी निघतात. तेव्हा निम्मे बाक रिकामे, ज्याला त्याला गावाकडची गाडी गाठायची असते. दर वेळी एकच उत्तर, पुढच्या अधिवेशनात बघू.

भाऊ चिवट. बरं, कायदा नको, निदान झरे मोजा तरी, म्हणून मागे लागले.

आणि मोजणी मंजूर झाली! त्या दिवशी भाऊंनी माझ्या दुकानात फाफडा-जिलेबी आणली आणि माझ्या कीबोर्डवर पाक सांडला. मी रागावले, तर लहान पोरासारखे हसले.

मार्च महिना. अधिवेशन चालू. भाऊ मुंबईत, आणि मोजणीचं पथक पोचलं नेमकं त्यांच्याच गावात.

भाऊंनी आख्ख्या राज्याला सांगितलं होतं की ही मोजणी झरे वाचवायला आहे. घरी सांगायचं तेवढं राहिलं. घरच्यांना काय सांगायचं, असं वाटलं त्यांना.

मावशीला एकच ठाऊक. धरणाच्या वेळी साहेब लोकांनी घरं मोजली, घरं गेली. झाडं मोजली, झाडं गेली. जे मोजलं ते गेलं.

उन्हाळ्यात तो झरा म्हणजे कढईएवढी खळगी. मावशीने तिच्यावर सपाट दगड सरकवला, वर पाला पसरला, पाल्यावर मोहाची फुलं वाळत घातली आणि स्वतः शेजारी राखण करत बसली. पथकाने विचारलं, तर म्हणाली,

"झरा? कुठला झरा? आम्ही खालून नदीवरून आणतो."

सगळ्या गावाने माना डोलावल्या. कागदावर अंगठे उठवले. पहिला मावशीचा.

झऱ्यांच्या रकान्यात लिहिलं गेलं, निरंक. म्हणजे एकही नाही.

भाऊ घरी आले तेव्हा मावशीनेच त्यांना सांगितलं, वाचवला बघ तुझा झरा! किती खूश होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात आले. सगळं सांगून हसले. मग खुर्ची ओढून म्हणाले, लिख, दुरुस्तीचा अर्ज.

दुरुस्तीचे अर्ज मीच टाईप केले. एकावर एक. उत्तर तेच, आपल्याच ग्रामस्थांनी लिहून दिलं आहे. नोंद नाही म्हणजे झरा नाही. वरच्या डोंगराला खडीची खाण मंजूर झाली. सुरुंग लागले. दोन उन्हाळ्यांत खळगी कोरडी पडली.

पुढे सभागृहाची मुदत संपली, तसं विधेयकही संपलं. निवडणूक आली, भाऊ पडले.

मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, मावशीला खरं सांगा तरी! गावाला कळू दे काय झालं ते."

"काय सांगू बेन? तिनी तं झरा वाचाडा. तिले तेच म्हाईत ऱ्हाऊ दे."

मावशीला त्यांनी सांगितलं होतं, पाऊस कमी झालाय, झरा येईल परत.

काल संध्याकाळपासून म्हणे भाऊ झऱ्याचंच पाणी मागत होते. मावशी हंडा घेऊन दोनदा जाऊन आली. नव्वदीला टेकलेली बाई. शेवटी कुणीतरी बाटली फोडली.

आज माती झाल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. तिची बोली मला दुकानात येणाऱ्या बायांमुळे समजते. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली,

"मी तर नीट झाकला होता गं. कुणालाच दिसला नव्हता. तरी गेला. मग त्या मोजणीवाल्यांना सांगितलं कुणी?"

म्हटलं, माहीत नाही मावशी.

ती फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहिलं. तिकडचं कुणी वाचत असेल तर हात जोडते, तिला सांगू नका.

भाऊ, तुम्ही सांगितलं नाहीत. मीही नाही सांगितलं.

निघा सावकाश. तुमच्या भांडखोर बेनचा शेवटचा सलाम.