आमच्या दादांची ठेंगणी गाडी

शेंगा फोडत बसलं की टरफलांचा ढीग कधी झाला ते कळत नाही. आमच्या घरात दादांच्या नव्या गाडीच्या किश्श्यांचं तसंच झालंय. दादा म्हणजे माझे मोठे दीर. सेलूत त्यांचा कापसाचा धंदा आहे. यंदा हौस म्हणून त्यांनी परदेशी बनावटीची गाडी घेतली. नुसत्या आवाजानं गल्लीतली कुत्री उठून बाजूला होतात, अशी!

पण गाडी पडली ठेंगणी. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर गावानं श्रमदानातून घातलाय, म्हणजे तो जवळजवळ टेकडीच. पहिल्याच दिवशी खालून खर्रकन आवाज आला. तेव्हापासून नियम ठरला, की ब्रेकर आला की दादा सोडून सगळ्यांनी उतरायचं, पायी ब्रेकर ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा बसायचं.

ओवीला, म्हणजे माझ्या लेकीला, कडेवर घेऊन मी उतरले की पानटपरीवरून हमखास आवाज येतो, "मीनलवहिनी, बंद पडली का? धक्का द्यू का?"

*

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, किस्सा पाथरीचा. नात्यात बारसं होतं. दारात उतरल्या तर अनवाणी!

"आई, चपला कुठायत?" दादांनी विचारलं.

"घरी. गाडीत चढताना काढल्या की दारात. ब्रेकर बी अनवाणीच वलांडला."

"अगं, गाडीत चपला घालूनच बसायचं असतं!"

"मंग खाली गालिचा कशाला टाकलाय रे?"

बारशाला आत्याबाई माझ्या चपला घालून गेल्या. मी कोणाच्या घालून गेले ते सांगत नाही. तेव्हापासून त्या गाडीत बसल्या की चपला काढतातच, पण काढून पायाशी ठेवतात. "बसल्यावर निवांत वाटलं पायजे," म्हणतात.

*

माझ्याकडे लायसन्स आहे. लग्नाआधी मी बाबांची जुनी गाडी नांदेडपर्यंत नेत असे, हे आता मलाच खरं वाटत नाही. ओवी झाल्यापासून हायवेवर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. शेजारी बसून सल्ले मात्र भरपूर! "दादा, पुढं ट्रक आहे. दादा, डावीकडून मोटारसायकल."

हायवे लागला की दादा पाय दाबतात. पाठ सीटला चिकटते, झाडं एकमेकांत मिसळतात. आत मात्र इतकं शांत, की ओवीचा श्वास ऐकू येतो. मागून आत्याबाई विचारतात, "चालू हाय का उभीच हाय रे?"

वेग वाढला की गाडी स्वतःच टुंग टुंग करते. पट्टा लावला नाही तरी टुंग, रेघ ओलांडली तरी टुंग.

एकदा दादा वैतागून म्हणाले, "एक मीनल घरची होतीच. कंपनीनं दुसरी आत बसवून दिली!"

*

बोरीच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. दादांनी हॉर्न वाजवला. एक बोकड बॉनेटमध्ये स्वतःला बघून थबकला आणि शिंगं रोखून उभा राहिला.

शेळ्यांमागच्या मावशी म्हणाल्या, "दादा, गाडी मागं घ्या. त्यो न्हाई घ्यायचा!"

दादांनी गाडी मागे घेतली. इतक्या ताकदीची गाडी, पण माघार घ्यावीच लागली!

*

आणि हा गेल्या महिन्यातला. दादांचे डोळे तपासायला परभणीला गेलो होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले आणि सांगितलं, "आज गाडी चालवायची नाही." आमचे हे ऑफिसच्या कामानं बाहेरगावी. किल्ली माझ्या हातात आली.

"दादा, ड्रायव्हर बघू या का?"

"तू असताना? चल!"

ओवीला मागच्या तिच्या खुर्चीत बांधलं. पट्टा ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. शेजारी आत्याबाई बसल्या. बघते तर चपला पायातच!

"आत्याबाई, चपला?"

"राहू दे पायात. उतरून पळायची येळ आली म्हंजे?"

मी पाय नुसता टेकवला, तर गाडीनं दावं सुटलेल्या गोऱ्ह्यासारखी उडी मारली. आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं. दादांना समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं, त्यामुळे गाडीत तेवढे एकटे निवांत होते.

मानवत गाव मागे गेलं. पुढे कडब्याचा ट्रॅक्टर होता, अख्खा रस्ता व्यापून. मी बराच वेळ त्याच्या मागेच राहिले. मग रस्ता मोकळा दिसला आणि पायाच्या अंगठ्याला जुनं काहीतरी आठवलं असावं. गाडी अलगद पुढे निघून गेली. ना धक्का, ना आवाज. एकदासुद्धा टुंग नाही. आरशात मागे बसलेल्या दादांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पाथरी गेलं. सेलू आलं. ब्रेकरच्या अलीकडे गाडी थांबवली. दादा चाचपडत उतरले. मी ओवीला काढून त्यांच्या खांद्यावर दिलं, ती गाढ झोपली होती. आत्याबाई काही उतरेनात.

"आत्याबाई, काय झालं? बरं वाटत नाही का?"

त्या वाकून सीटखाली हात घालत होत्या.

"थांब गं जरा. चपला कुठं सरकल्या की!"