आधी तुम्ही उतरा

पोर्ट सईदमध्ये नझ्मी पडदेवाल्याइतका सभ्य माणूस शोधून सापडायचा नाही, आणि सापडूही नये. एक आहे तोच डोक्यावरून पाणी आहे. फेरीबोटीवर चढताना हा बाबा सगळ्यांना पुढे घालतो आणि बोट सुटली की धक्क्यावर उभा राहून त्यांनाच हात हलवतो. दुकानात कापड मापलं की शेवटी वीतभर जास्तीचं सोडतो, कारण बरोब्बर मापून देणारा कापडवाला त्याच्या मते कंजूष. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. नझ्मीच्या घरात ती मुक्कामालाच होती.

अशा माणसाला छंद कसला, तर लढाऊ विमान युद्धनौकेवर उतरवण्याचा. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. दुकानामागच्या खोलीत त्यानं दोन कॉम्प्युटर मांडले होते. शुक्रवारचं जेवण आटोपलं की स्वारी तिथे जाऊन बसायची. खाली हलती बोट, तिच्यावर टीचभर डेक, आणि विमानाच्या शेपटीच्या आकड्यानं डेकवरच्या तीन-चार आडव्या तारांपैकी एक पकडायची. सगळी करामत वेळेची. शेवटचं वळण घेऊन बोटीच्या मागे सरळ झालं की पंधरा ते अठरा सेकंदांत तार सापडली पाहिजे. वेळ कमी पडला तर विमान सावरत नाही, जास्त लागला तर मागून येणारा खोळंबतो. नझ्मी हे सेकंद तोंडातल्या तोंडात कापड मापल्यासारखे मोजायचा, आणि हाताच्या सवयीनं शेवटी थोडे जास्तीचे घालायचा.

"बाबा, समुद्रात कापड विकायचं नाहीये आपल्याला," त्याची मुलगी निहाल वैतागायची. हेडफोन लावून डेकवरच्या अधिकाऱ्याचं काम ती करायची. कोण उतरणार, कोण परत फिरणार हे ती सांगणार, आणि शेवटी दहापैकी मार्क देणार. बापाला तिनं सहाच्या वर कधी चढू दिलं नाही.

निहालचं मन जवळच्या इस्माइलिया गावच्या हातेमवर बसलं होतं. आपल्याला काही ठाऊक नाही असं सोंग नझ्मीनं वर्षभर छान वठवलं होतं. आता घोडं अडलं होतं ते फक्त हातेमच्या आईवडिलांच्या होकारापाशी. आधीचं एक स्थळ 'पोरीला जीभ फार' म्हणून परत गेलेलं. त्यामुळे पाहुणे यायच्या दिवशी नझ्मीची बायको इन्साफ हिनं सकाळीच बजावलं, "निहाल, आज तोंडातून 'हो' आणि 'घ्या ना'पलीकडे शब्द निघाला तर माझ्याशी गाठ आहे."

पाहुणे आले. हातेमचे वडील हाजी शौकी निवृत्त मुख्याध्यापक, आई सुहैरबाई, आणि त्यांच्या मागे खुद्द हातेम. दारातच नझ्मी म्हणाला, "आधी तुम्ही," आणि हाजी म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." दोन तुल्यबळ मल्ल समोरासमोर आले होते. बायका कंटाळून स्वयंपाकघराच्या दारानं आत आल्या तेव्हा कुठे हे दोघं एकदमच, खांदे घासत, घरात शिरले.

सरबत झालं आणि हाजींची नजर मागच्या खोलीतल्या विमानांच्या खेळावर गेली. "म्हणजे तुम्हीपण उतरवता? अहो, मी रोज उतरवतो! चला, एक फेरी होऊन जाऊ दे." दोन विमानं एकदम उतरवायची तर डेकवर कुणीतरी हवंच. इन्साफनं डोळे वटारले, पण निहालनं खाली मान घालून हेडफोन चढवला.

दोघांनी बोटीला वळसा घातला. हाजी पुढे, नझ्मी मागे.

"काका, तुमचा नंबर. या," निहाल साखरेच्या आवाजात म्हणाली.

"यजमानाच्या आधी मी उतरू? नझ्मीभाऊ, तुम्ही या," असं म्हणून हाजींनी डेकजवळ आलेलं विमान पुन्हा वर उचललं.

"पाहुणा हवेत आणि मी डेकवर? काय बोलता!" नझ्मीनंही उचललं.

दुसऱ्या फेरीत नझ्मी पुढे होता. त्यानं पुन्हा वाट करून दिली, हाजींनी ती पुन्हा नम्रपणे नाकारली. हातेमनं कपाळाला हात लावला.

"काका, तुमचं इंधन संपत आलंय," निहाल म्हणाली. आवाजातली साखरही संपत आली होती.

"संपू दे!" हाजींना चेव चढला. "नझ्मीभाऊ, तुम्ही आधी उतरला नाहीत तर माझ्या बायकोला तलाक!"

इन्साफनं कानांवर हात ठेवले. सुहैरबाई मात्र रव्याच्या गोड बस्बूसाचा तुकडा तोडत म्हणाल्या, "असल्या शपथांनी माझा तलाक व्हायचा असता तर मी केव्हाच सुटले असते."

"अहो, पण अशी शपथ..." नझ्मी चाचरला.

"पुरे!" निहाल कडाडली. "शौकीकाका, चाकं खाली, तोंड बंद, उतरा! बाबा, यांच्या मागोमाग तुम्ही, आणि वीतभरसुद्धा जास्तीचं नको! पुन्हा कुणी 'आधी तुम्ही' म्हणालं तर दोघांनाही माशांना घालीन!"

इन्साफनं ओढणी तोंडावर घेतली. "गेलं स्थळ," ती पुटपुटली.

हाजींचं विमान निमूटपणे खाली आलं आणि कसंबसं शेवटच्या तारेत अडकलं. आता नझ्मी. टाकी तळाला गेलेली. तो मोजू लागला. शेवटी हात जास्तीचं द्यायला शिवशिवला, तेव्हा त्यानं दात आवळून तो मोह मारला. तार सापडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माप बरोबर दिलं होतं, आणि त्याला रडू येत होतं. आपल्या भिडेपायी पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडला, याखेरीज दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

हाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीस वर्षं शाळा चालवली. माझ्यावर असं कुणी ओरडलेलं नाही."

"तेच तर चुकलं!" सुहैरबाई उठल्या. "तीस वर्षं मी दारादारांत ताटकळतेय. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात आम्ही पोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. आणि ह्या पोरीनं एका हाकेत उतरवलं की यांना! इन्साफबाई, मला हीच सून पाहिजे. नाही म्हणालात तर मी इथून हलायची नाही."

नझ्मीनं डोळे पुसले. हाजी मात्र कॉम्प्युटरकडेच बघत होते. मग त्यांनी निहालकडे मान वळवली.

"माझे मार्क?"

इन्साफनं मागून दोन्ही हातांची दहा बोटं नाचवली. हातेमनं डोळे मिटले.

"चार," निहाल म्हणाली.

"चार? होणाऱ्या सासऱ्याला चार?"

"सासऱ्याला दहा, काका. उतरण्याला चार."