गोळी घेणारा सलीम

सलीमबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी नाव काढलं की विषय बदलायचो. आता सत्तरी उलटली, आणि त्या टाळण्याचाच संताप येतो.

कराडला माझं औषधांचं दुकान होतं. दुकान माझं, पण फार्मासिस्ट सलीम. भिंतीवरच्या फ्रेममधलं सर्टिफिकेट त्याचं. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर तो काउंटरवर दोन्ही तळवे उपडे ठेवायचा. मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, ते हात हलायचे नाहीत. "चिठ्ठीवरची गोळी माणूस घेतो, बिनचिठ्ठीची खातो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

तो स्वतः रोज सकाळी एक गोळी घ्यायचा. बसल्या बसल्या एकाएकी झोप लागण्याचा त्याला आजार होता. सांगलीच्या डॉक्टरांनी जागं ठेवणारी गोळी लिहून दिली होती. मी एकदा म्हणालो, "ही पण नशेचीच की रं!"

"व्हय अण्णा, हिचीबी सवय लागती. म्हणून तर डॉक्टर बेतानं देत्यात, सारखं तपासत्यात. मनानं वाढवली की मीबी खाणाराच."

एकदा एक पैलवान बीपी वाढवायचं इंजेक्शन मागायला आला. "ताकद येती म्हणं."

"तुझं बीपी पडलंय व्हय गड्या?" सलीम म्हणाला. "ताकद न्हाई, काळीज पळतंय नुसतं. मग त्याच्याबिगर अंथरुणातनं उठवायचं न्हाई तुला."

पैलवान हिरमुसून गेला. सलीम जेवायला गेल्यावर मीच पैलवानाला बोलावून इंजेक्शन विकलं. नंतरही देत राहिलो. तो थरथरत्या हातांनी रोजच येऊ लागला, तेव्हा सलीमला कळलं.

"अण्णा, बंद करा. न्हाईतर मी फ्रेम काढतो, आणि का काढली ते सांगतो."

मी घाबरलो. त्यानं तोंड उघडण्याआधी मीच चौकात सांगत सुटलो, "सलीम गोळ्या खातो." सगळं खोटं त्या एका 'खातो'त होतं. लोकांना तेवढं पुरलं.

सलीम फ्रेम काखेत घेऊन गेला. कराडात कुठल्याच औषधाच्या दुकानानं त्याला उभं केलं नाही. शेवटी तासगावला बेदाण्याच्या शेडवर त्याला काम मिळालं.

काही वर्षांनी माफी मागायला तिथं गेलो. तो बेदाणा निवडत होता. चिकट हात पुसत उठला. "आवं अण्णा, या की! बीपीची गोळी घेता न्हवं येळेवर?"

"घेतो," मी म्हणालो. चहा प्यालो आणि निघालो.

गेल्या वर्षी सलीम गेला. तासगावला त्या दिवशी ओठांवर आणून तसंच परत नेलेलं वाक्य एवढंच होतं: सलीम, तू गोळी घेत होतास. माझं चुकलं.