रिपोर्ट क्रमांक अकराशे एकोणनव्वद

चेतना कापगतेनं बसस्टँडजवळच्या लॅबची वेबसाइट बनवली, तेव्हा तिच्या बाबांनी, बकारामनं, अख्ख्या आळीला चहा पाजला होता. अर्जुनी मोरगावातल्या पोरीनं घरी बसून वेबसाइट बनवावी, ही काही रोजची गोष्ट नव्हती. बी.एस्सी. झाल्यावर चेतना गावातच राहिली. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर टाकलं आणि गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघून बघून हे काम शिकली. लॅबची साइट हे तिचं पहिलं मोठं काम. रक्त तपासून झालं की माणसाच्या मोबाइलवर मेसेज जायचा, त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं की रिपोर्ट समोर. केशोरीच्या, इटखेड्याच्या माणसाला एका कागदासाठी पुन्हा गाडी धरायची गरज उरली नाही.

दीड वर्ष साइट बिनतक्रार चालली. चेतनाला वाटू लागलं, आपल्याला आता बऱ्यापैकी येतं.

तेवढ्यात तिला गोंदियाच्या एका गटाचं कळलं. इंद्रकुमार अग्रवाल नावाचा, घरूनच कुठल्यातरी कंपनीचं काम करणारा माणूस महिन्यातल्या एका रविवारी सकाळी एका कोचिंग क्लासच्या खोलीत लोकांना जमवायचा. शिकायचं एकच, वेबसाइटमध्ये चोर कुठून शिरतो आणि त्याला अडवायचं कसं. फी नाही, सर्टिफिकेट नाही. कॉलेजची चार-पाच पोरंपोरी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, राइस मिलचे कॉम्प्युटर सांभाळणारी एक बाई, अशी मंडळी. सरावासाठी इंद्रकुमारनं आपल्याच लॅपटॉपवर मुद्दाम कच्चं ठेवलेलं एक खोटं दुकान मांडलेलं असायचं. "जो घर अपना नाही, त्याच्या दाराला हात लावायचा नाही," हे तो दर वेळी सुरुवातीलाच सांगायचा.

चेतनाच्या तिसऱ्या रविवारी त्यानं त्या खोट्या दुकानातलं एक बिल पडद्यावर उघडलं. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी आकडा होता, पंचेचाळीस. त्यानं तो खोडून सेहेचाळीस केला आणि बटण दाबलं. दुसऱ्याच माणसाचं बिल उघडलं. नाव, पत्ता, सगळं.

"देखा? काही तोडलं नाही, काही फोडलं नाही. फक्त पुढचा नंबर टाकला," इंद्रकुमार म्हणाला. "ज्यानं साइट बनवली, त्यानं विचारलंच नाही की कागद मागणारा माणूस कोण आहे."

कॉलेजची पोरं हसली. चेतनाच्या मात्र हातातलं पेन तिथंच थांबलं. ती कुणाला काही न सांगता उठून बाहेर जिन्यात आली. मोबाइलमध्ये बाबांच्या शुगरच्या रिपोर्टची लिंक होती. तिनं ती उघडली. पत्त्याच्या शेवटी आकडा होता, तिनंच ठेवलेला, सोपा, एकापुढे एक चालणारा. तिनं शेवटचा आकडा बदलला.

कुणा सुशिलाबाईंचा रिपोर्ट उघडला. वय बासष्ट. पुढं काय लिहिलं होतं ते चेतनानं वाचलं नाही. झटकन मोबाइल पालथा केला, जसं कुणाच्या न्हाणीघरात चुकून पाऊल पडावं. ती जिन्यातच बसली. दीड वर्ष. हजारावर माणसं. कुणाची शुगर, कुणाचं गरोदरपण, कुणाचा काय आजार, सगळं वेशीवर टांगल्यासारखं उघडं. आणि टांगणारी ती.

इंद्रकुमार पाणी घेऊन बाहेर आला. "क्या हुआ दीदी? तब्येत?"

"भैया, माझी साइट," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

वर्ग तसाच सोडून तो तिच्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसला आणि तिच्याकडूनच त्यानं साइट बंद करवून घेतली. मग म्हणाला, "अब एक और काम. कोणी कोणता कागद कधी उघडला, याची नोंद सर्व्हरवर असते. ती उतरवून ठेवा. पाहायला हिंमत लागेल, पण पाहा."

परतीच्या गाडीत चेतनाला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. सौंदडच्या आसपास तिच्या डोक्यात एक नाव आलं. रेणू.

रेणू ही मागच्या आळीतल्या गीताबाईंची मुलगी. चेतनाच्या सेंटरवर टायपिंग शिकलेली. फाल्गुनात तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, मंडपवाला सांगून झाला होता, आणि दोन दिवस आधी मुलाकडच्यांनी नकार कळवला. कारणही तोंडावर सांगितलं: पोरीच्या रक्तात सिकलसेल आहे. रेणू धडधाकट होती. ती फक्त वाहक होती; नवरा-बायको दोघंही वाहक असले तरच मुलाला हा रक्ताचा आजार होऊ शकतो. असे लोक या भागात घरोघर सापडतात आणि ठणठणीत आयुष्य जगतात. पण ही गोष्ट रेणू आणि तिची आई यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मग बाहेर गेली कशी? सगळ्यांची बोटं दुधरामकडे वळली. दुधराम लॅबमध्ये रक्त काढायचा, पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याची सासुरवाडी नेमकी मुलाच्या गावची. झालं, एवढा पुरावा पुरला. लॅबच्या मालकानं त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. गीताबाईंनी भर बाजारात त्याला नाही नाही ते सुनावलं होतं. चेतनाही तेव्हा तिथं होती आणि तिलाही ते पटलं होतं.

घरी येताच तिनं नोंदी उघडल्या. साक्षगंधाच्या तीन दिवस आधी, एकाच मोबाइलवरून, पाच मिनिटांच्या आत: अकराशे त्र्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. असं एकेक पायरी चढल्यासारखं अकराशे एकोणनव्वदपर्यंत. तिथं तो माणूस थांबला होता. तो एकच रिपोर्ट त्यानं अकरा वेळा उघडला होता.

आईनं दोनदा जेवायला हाक मारली.

सोमवारी ती लॅब उघडायच्या आधीच दारात उभी होती. मालक दुर्गाप्रसाद यांनी ऐकून घेतलं, रजिस्टर काढलं, एकोणनव्वदवर बोट ठेवलं. रेणूचंच नाव होतं. मग त्र्याऐंशीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अरे! हा चंद्रकुमार. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा भाऊजी!"

"सर, दुधरामकाकांनी काहीच केलं नव्हतं," चेतना म्हणाली.

दुर्गाप्रसादांनी रजिस्टर मिटलं. "साइट दुरुस्त कर आणि विषय सोडून दे. दुधराम गेला, लोक विसरले. आता उकरून काढशील तर लॅबही बसंल आणि तुझं सेंटरही."

चेतनाला धक्का बसला तो या बोलण्याचा नव्हता. क्षणभर आपल्यालाही ते बरं वाटलं, याचा होता.

तिथून ती थेट दुधरामच्या घरी गेली. तो अंगणात धानाच्या बांधीवर न्यायचं जू दुरुस्त करत होता. चेतनानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"म्हणजे तुले आता मालूम झालं?"

"हो काका. काल."

"मले तं पहिल्या दिवसापासून मालूम होतं का मी नाही सांगितलं." त्याचा आवाज चढला नाही. "माही बायको मले विचारे, खरं सांगा जी, तुम्हीच बोलले का? घरच्या माणसानं विचारावं! सासुरवाडीले पाय नाही ठेवला मी चार महिने. तू मले कायले सांगून राहिली? ज्याईले सांगाचं, त्याईले सांग."

तिनं त्याच अंगणात उभं राहून मोबाइलवरून लॅबच्या साइटचं पहिलं पान उघडं केलं. रिपोर्ट बंदच ठेवले. पानावर फक्त मजकूर टाकला: दीड वर्ष इथले सगळे रिपोर्ट कुणालाही दिसू शकत होते. चूक साइट बनवणाऱ्याची, म्हणजे माझी. लॅबमधल्या कोणत्याही कर्मचाऱ्यानं माहिती फोडलेली नाही. खाली आपलं पूर्ण नाव. मग तिनं ते दुधरामला वाचून दाखवलं. त्यानं "पुन्हा वाच" म्हटलं, आणि तिनं पुन्हा वाचलं.

मग ती गीताबाईंच्या घरी गेली. चंद्रकुमारच्या नावासकट सगळं सांगितलं. ऐकता ऐकता गीताबाई खाटेवर बसल्या. "अवो माय! मी त्या माणसाले बाजारात..."

रेणू मात्र उभीच होती. "लॅबात रक्त दिलं त्या दिवशी भाऊजी माह्याच बाकावर बसले होते," ती हळू म्हणाली. "हसून विचारलं, तू कायले आली? मी म्हटलं, असंच, अशक्तपणा." ती एकदम चेतनाकडे वळली. "त्याचाही रिपोर्ट असंल न तुह्याकडे? नवरदेवाचा? लॅब तं एकच हाये. मले नाकारलं, पण त्याच्या रक्तात का हाये ते कोणी विचारलं का? पाहून सांग."

चार महिने जळत असलेल्या पोरीचा प्रश्न होता, आणि न्यायाचाही होता. पाहणं तिला अगदी सोपं होतं.

"नाही रेणू. ते मी नाही पाहणार."

"माहा सगळ्याईनं पाहिला!"

"म्हणूनच."

रेणूनं तिला दार दाखवलं. गीताबाई मध्ये पडल्या नाहीत.

तो मजकूर गावभर फिरला. दुर्गाप्रसादांनी फोनवर चेतनाला वाट्टेल ते ऐकवलं, पण लोक लॅबच्या दारात येऊन जाब विचारायला लागले तेव्हा तेच दुधरामच्या घरी गेले. दुधरामनं आठ दिवस उत्तर दिलं नाही, मग कामावर आला. सेंटरवर महिनाभर कुणी फिरकलं नाही. बकाराम आळीतून मान खाली घालून जायचे; लेकीला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत. गटाच्या पुढच्या रविवारी चेतना गोंदियाला गेली आणि गटापुढे उभं राहून आपलीच साइट पडद्यावर लावून चूक कुठे होती ते दाखवलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

गीताबाई दुधरामच्या घरी जाऊन पदर पसरून आल्या. रेणू साकोलीला नर्सिंगला गेली. जाण्याआधी प्रवेशाचा फॉर्म भरायला ती चेतनाच्या सेंटरवर आली नाही. पलीकडच्या दुकानात भरला. चेतनानं काचेतून तिला रांगेत उभी पाहिली, आणि स्वतः बाहेर गेली नाही.