एकशे बारा इमेजेस कमी

परळच्या एका हॉस्पिटलात मी सॉफ्टवेअर सांभाळायचे. बाहेरगावचे पेशंट जुने स्कॅन पेन ड्राइव्हवर आणत. ते उघडून डॉक्टरांच्या स्क्रीनवर लावणारं छोटं टूल मीच लिहिलं होतं. त्याला फक्त झिप फाइल समजायची. पण फाइल दाबून लहान करायची प्रत्येक सेंटरची तऱ्हा वेगळी, त्यामुळे कितीतरी स्कॅन अडायचे. म्हणून मी त्याला आणखी तीन प्रकार शिकवले आणि एका सोमवारी सकाळी ते चालू केलं.

अकराच्या सुमारास कणकवलीच्या एका बाईंचा जुना स्कॅन आला, नव्याने शिकवलेल्या तिनांपैकी रार प्रकारचा. झटकन उघडला. मी खूश. फुप्फुसातला बारीक डाग जुना की नवा, यावर त्यांचं ऑपरेशन ठरणार होतं; नवा असला तर करायचं.

मग सहज टूलच्या नोंदींचा लॉग चाळला. उघडलेल्या इमेजेस दोनशे. सेंटरच्या यादीत तीनशे बारा. फाइलचे दोन तुकडे होते आणि दुसरा आमच्याकडे नव्हताच. अशा वेळी टूलने ओरडायला हवं होतं. ते गप्प बसलं होतं. इमेजेस फाइलमध्ये क्रमाने भरलेल्या नव्हत्या, म्हणून मधूनमधून गळलेल्या, त्यामुळे बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही.

लिफ्टची वाट न बघता चार मजले चढले. डॉक्टर मॅडम फोनवर सर्जनना सांगत होत्या, "जुन्यात डाग नाही. म्हणजे नवाच."

"मॅडम, थांबा. स्कॅन अर्धवट आहे. चूक माझी आहे."

त्यांनी फोन ठेवला. "उघडतच नव्हतं ते परवडलं," एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर बाईंचा भाऊ बसला होता. "दादा, अजून पेन ड्राइव्ह आहे का?"

"आसा मां. दोनय सारखेच, म्हणान एकच दिलंय."

दुसरा लावला. आकडा हळूहळू सरकत होता. दोनशे साठ. दोनशे नव्वद. तीनशे बारा.

डाग होता. मॅडमनी दोनदा मोजला, वाढला नव्हता. ऑपरेशन टळलं, तीन महिन्यांनी तपासणी ठरली.

भावाने माझे हात धरले. "ताई, तुमचे उपकार झाले." मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी तिन्ही प्रकार बंद केले. आठवड्याने परत सुरू केले, पण आता एक इमेज कमी भरली तरी टूल तो स्कॅन उघडतच नाही. पेशंटकडे पुन्हा फाइल मागावी लागते म्हणून रिसेप्शनवाल्या कुरकुरतात. कुरकुरू देत.