थांबलेल्या पंख्याचा आवाज

आधीच सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. म्हैसूरला चामराजपुरममध्ये माझं लहानसं दुकान आहे. आमचे पूर्वज कापड रंगवणारे, कधीकाळी इकडे आले ते इकडचेच झाले. घरी आम्ही अजून मराठीच बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याची जाऊबाई माझं बोलणं ऐकून पदराआड हसते. तेव्हा भाषेचं तेवढं सांभाळून घ्या. मशीनच्या बाबतीत मात्र मला सांभाळून घ्यायची गरज नाही!

तर, शालिनीअक्का. माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी, निवृत्त शिक्षिका, दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि फोनवर पाठवते. तिचा कॉम्प्युटर तिच्या यजमानांनी, मोहनभावजींनी, स्वतः सुटे भाग आणून जोडला होता. भावजी या गोष्टीच्या आदल्या उन्हाळ्यात वारले. अक्का एकटी पडली, पण वाचन तिनं एक दिवस सोडलं नाही.

मी सांगते ती गोष्ट परीक्षेच्या तोंडावरची. जवळच्या टी. नरसीपूर गावची गौरी नावाची मुलगी — बारावीला, जन्मापासून दिसत नाही — इतिहासात एकदा नापास झाली होती. घरात वाचून दाखवणारं कुणी नाही. वडिलांनी बजावलं होतं, या खेपेला राहिलीस तर कॉलेज बंद, घरी बस. त्या पोरीचा सगळा इतिहास अक्काच्या आवाजातून तिच्या कानात जात होता, आणि शेवटचे दोन धडे अजून व्हायचे होते. नेमका तेव्हाच अक्काचा फोन आला.

"विद्या, लगेच ये गे. हा पंखा बघ कसा घरघरतोय. आठवडा झाला, वाढतच चाललाय. रेकॉर्डिंग सगळं हाळ झालं. ती पोर वाट बघत बसलीये, अल्वा?"

हाळ म्हणजे इकडे वाया, आणि अल्वा म्हणजे नाही का. मी म्हटलं, "सरी अक्का, जेवून येते. पंखाच आहे, अर्ध्या तासाचं काम."

काय बोलून गेले!

दुपारी गेले. खोलीत पाय ठेवताच आवाज ऐकू आला. घर्रर्र... मग क्षणभर थांबायचा... मग पुन्हा घर्रर्र. मला वाटलं, बेअरिंग सुकलं असणार.

आता आवाज कुठल्या पंख्याचा हे शोधायची एक रीत असते. नवशिके काय करतात, सरळ प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर उपटतात आणि आवाज गेला का बघत बसतात. तेवढ्यात प्रोसेसर तापून लाल! मी तो पंखा नेहमी शेवटी धरते. आधी स्क्रीनवर तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडून ठेवायचा. मग कॅबिनेटच्या मागचा पंखा काढून बघायचा, त्यानं लगेच काही बिघडत नाही. पॉवर सप्लायच्या पंख्याला हात लावायचा नाही, तिथं कागदाची नळी करून नुसता कान लावायचा. आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसरचा पंखा — पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकानं मधला गोल दाबून दोन-तीन सेकंद थांबवायचा, डोळे तापमानावर, आणि लगेच सोडायचा. आवाज थांबला तर चोर सापडला.

तापमान बघितलं. त्रेचाळीस. अगदी झकास. अक्काला रेकॉर्डिंग चालू ठेवायला सांगितलं, म्हणजे मशीनला काम मिळेल. मागचा पंखा काढला, घरघर तशीच. पॉवर सप्लायला नळी लावली, तिथं नुसती हलकी हवा. म्हणजे राहिला प्रोसेसरचा पंखा. नळी तिकडे वळवली आणि आवाज एकदम कानात भरला. म्हटलं, सापडलास!

पेन्सिल घेतली, टॉर्च मारला... आणि हात तसाच राहिला.

पंखा फिरतच नव्हता.

पात्यांत काळपट दोरा गच्च आवळून बसला होता, मध्ये मध्ये वाळक्या पाकळ्यांचा चुरा. बोटानं ढकलून बघितलं, पातं तसूभर हललं नाही. आणि आवाज मात्र तिथूनच येत होता. पेन्सिल, नळी सगळं बाजूला ठेवलं, कान जवळ नेला — तिथूनच.

"अक्का, हे आत काय घातलंयस?"

तिनं डोकावून बघितलं. "अय्यो, ती आयुधपूजेची माळ, गे!"

इकडे दसऱ्याला आयुधपूजा कशी असते ते म्हैसूरकरांना सांगायला नको. स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्यांना कुंकू आणि फुलं. कॉम्प्युटरलाही. बाकीचे लोक माळ बाहेरून घालतात. पण भावजींनी हवा खेळावी म्हणून कॅबिनेटची एक बाजू उघडीच ठेवलेली. ते नसतानाची पहिली पूजा, म्हणून अक्कानं मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ आत, यंत्राचा जीव जिथं असतो तिथंच घातली. पूजेपुरतं मशीन बंद होतं. दुसऱ्या दिवशी तिनं फुलं काढली, पण दोरा तुटून आतच राहिला. पुढं बटण दाबल्याबरोबर पंख्यानं तो गुंडाळून घेतला असणार.

म्हणजे दसऱ्यापासून तो पंखा बंद होता. आणि दसऱ्यापासून अक्का रोज तासन्‌तास रेकॉर्ड करत होती!

पंख्याशिवाय हा प्रोसेसर पाच-दहा मिनिटांत तापून बंद पडायला हवा. म्हटलं, तापमान खोटं दाखवत असेल. प्रोसेसरवरच्या धातूच्या जाळीला हात लावला — कोमट. अंघोळीचं पाणी निवल्यावर असतं तितकं.

मशीन बंद केलं. चिमट्यानं एकेक धागा काढला. पंखा मोकळा झाला, बोटानं फिरवला तर गरकन फिरला. बेअरिंग चांगलं होतं. पुन्हा चालू केलं, पंखा सुरू झाला, आवाज गेला. अक्कानं हात जोडले. मी ऐटीत स्क्रीनकडे बघितलं.

अठ्ठावन्न. पासष्ट. एकोणऐंशी.

"अक्का, बंद कर! आत्ता, लगेच!"

पंखा बंद होता तेव्हा गार, आणि पंखा फिरायला लागला तर उकळायला लागला! आयुष्यात पहिल्यांदा मला मशीनची भीती वाटली. अक्का खुर्चीत मटकन बसली. "जळालं का गे? गौरीचे धडे राहिलेत. पाप, बिचारी ती पोर..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मीच भानावर आले. म्हटलं, "रडू बेडा, रडू नकोस. मी आहे ना इथं?"

पंखा काढला, जाळी उचलली. प्रोसेसर आणि जाळी यांच्या मध्ये उष्णता ओढून घेणारी पेस्ट असते. ती सुकून पापडाच्या चुऱ्यासारखी झाली होती. अशा पेस्टवर पंखा असून नसून सारखाच. आता कुणी कमेंटमध्ये लिहील — ताई, प्रोसेसर तापला की आपोआप वेग कमी करतो. माहीत आहे हो! तो वेग कमी करतो तेव्हा तापलेला असतो, त्रेचाळीसवर नसतो. सेन्सरही नंतर दुसऱ्या बोर्डावर तपासला. बरोबर होता.

दुकानातून पेस्ट आणि नवा पंखा आणला, बसवला. तापमान चाळिशीत येऊन ठरलं, आणि खोली अशी शांत झाली की रस्त्यावरचा भाजीवाला स्पष्ट ऐकू यायला लागला. अक्कानं त्या संध्याकाळी एक आणि दुसऱ्या सकाळी एक, असे दोन्ही धडे वाचले आणि पाठवले. गौरीची परीक्षा झाली. मी ही गोष्ट 'काहीतरी विचित्र' म्हणून मनात एका बाजूला टाकली. धंद्यात असं टाकून द्यावं लागतं.

निकाल लागला त्या दिवशी मी अक्काकडेच होते. गौरीचा फोन आला, अक्कानं स्पीकरवर टाकला. पोर आनंदानं ओरडतच होती. पास झाली होती, आणि वडील स्वतःहून कॉलेजची चौकशी करायला गेले होते. अक्का हसत होती, रडत होती. मग गौरीनं कन्नडमध्ये विचारलं, अगदी सहज:

"टीचर, तुमच्याजवळ बसून फुंकर कोण घालत होतं?"

"फुंकर?"

"दसऱ्यानंतरच्या सगळ्या धड्यांत आहे. गरम दूध निववायला घालतात ना, तशी. आधी अगदी हळू होती. पुढं पुढं त्यांना फार दम लागायला लागला... मध्ये थांबायचे आणि परत घालायचे. मला ऐकून कसंतरी व्हायचं. शेवटच्या दोन धड्यांत ते नाहीत. बरे आहेत ना ते?"

मी अक्काकडे बघितलं. ती त्या कॉम्प्युटरकडे बघत होती. फोनवर गौरी 'हॅलो, हॅलो' करत होती.

"बरे आहेत, बाळा," अक्का म्हणाली. "आता बरे आहेत."

मी त्या सगळ्या फायली हेडफोन लावून ऐकल्या. मला अजून ती घरघरच वाटते. पण गौरीनं सांगितल्यावर ऐकलं की मधली ती थांबण्याची जागा... तिथं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं. बंद पंखा वाजला कसा, सुकलेल्या पेस्टवर प्रोसेसर इतके महिने गार राहिला कसा, आणि मी पंखा मोकळा करताच ते सगळं थांबलं का — याचं उत्तर माझ्याकडे नाही. धंद्यातल्या चार जाणत्यांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. माझं निदान चुकलं नव्हतं आणि दुरुस्तीही चुकली नव्हती, हे मात्र मी आजही छातीठोक सांगते.

त्या दिवशी निघताना मला चुटपुट लागली होती. मीच काहीतरी हुसकावून लावलं असं वाटत होतं. तोंडातून निघून गेलं, "अक्का, मी तो पंखा मोकळा करायला नको होता का?"

तिनं माझा हात धरला. "वेडी का गे तू? बरं केलंस. किती दमले होते ते."