धोट्याभोवती दाबलेला भुसा

भुशाचं पोतं भरलं भरलं म्हणावं, तर वर माणूस उभा राहिला की आणखी दोन घमेली मावतात. आमच्या लालबागच्या खानावळीच्या आठवणी तशाच. जरा दाबलं की जागा होते.

गिरण्यांच्या संपात रॉकेल परवडेना. कमळाकाकी आम्हा गिरणीवाल्यांना जेवू घालायची. तिने सांगून टाकलं, "गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत माझी चूल विझणार नाही."

जाळायचं काय? भायखळ्याच्या लाकडाच्या वखारीत भुसा नुसता पडून असायचा. तो आणायचा, पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून दाबायचा आणि बाटली अलगद ओढून घ्यायची. उरलेल्या पोकळीत जाळ. दोन्ही वेळचं जेवण त्यावर व्हायचं.

*

पहिल्याच दिवशी डब्यातून धूर निघाला. भिकू गिरणीत कापूस पिंजायच्या ब्लोरूममधला. तिथे कापसातून धूर दिसला की आधी पाणी, मग बोलणं. त्याने भरलेली बादली ओतली!

काकी नखशिखांत भिजली. आमटीत भुसा तरंगत होता.

"गिरणी वाचवलीस रे बाबा," ती म्हणाली. "आता जेवण कोण वाचवणार?"

*

एकदा भिकूच्या गावाहून, सावंतवाडीकडून, पोतं आलं. चाळीत बातमी पसरली, तांदूळ आले! शेजारची बाई पातेलं घेऊन दारात उभी. काकीने पोतं सोडलं. आत तूस. भाताची नुसती टरफलं, जाळायला पाठवलेली.

बाईने पातेलं पदराआड घेतलं. काकीने ते ओढून त्यात आपली पेज ओतली.

"ही घेऊन जा. तूस उद्याच्या पेजेला जाळू."

*

राख भांडी घासूनही उरायची. शीवची कोळीण हिराबाई ती मागून न्यायची. हाताला राख लावली की बुळबुळीत वाम मासा कापताना निसटत नाही म्हणे. बदल्यात सुके बोंबील ठेवून जायची.

सखाराम आमच्यातला विणकर, मागांना साचे म्हणणारा. बायको गावी बोलवायची, तर म्हणायचा, माझे साचे वाट बघतायत. बोंबील बघून तो चाट पडला.

"भुशातून मासे? माझ्या साच्यातून जन्मात असं काही निघालं नाही!"

*

मग एकदा पोतं ओतलं तर भुशातून एक धोटा घरंगळला, साच्यात सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी. टोकांचं लोखंड काढून घेतलेलं. तेलाचा वास तसाच, अंगावर लाल पट्टा.

सखारामने तो उलटासुलटा करून पाहिला. "हा लाल पट्टा आमच्याच खात्याचा."

आम्ही वखारीत गेलो. करवत चालवणाऱ्याने मान वर न करताच सांगितलं, साचे मोडले, लोखंड भंगारात गेलं, लाकूड इथे. अजून दोन गाड्या यायच्यात.

परत येईपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दारातच काकीने विचारलं, गिरणीकडची काही बातमी?

सखाराम डब्यापाशी बसला. बाटली बाजूला ठेवून त्याने मधोमध तो धोटा उभा केला. भोवती भुसा भरला. नेहमीपेक्षा जास्त वेळ ठोकत राहिला. मग धोटा हळूच ओढला, सदऱ्याला पुसला आणि खिशात खोचला.

काकी त्याच्या खिशाकडे बघत राहिली.

"काय रे, भोंगा कधी वाजणार म्हणतात?"

त्याने काडेपेटी तिच्या हातात दिली.

"पेटव काकी. अजून वाजला नाही."